पंधरा मिनिटांचं बंदर

श्रोतेहो, मार्चमधली रात्र आहे, दीडदोनचा सुमार. तुम्ही केबिनमध्ये गाढ झोपलेले, आणि बिछान्याखालची धडधड एकाएकी मंदावते. बोट धक्क्याला लागतेय. माझं ऐकाल तर उठा, कानटोपी चढवा आणि वर डेकवर या.

खाली एक गोदाम, दोनतीन दिवे, मागे बर्फाचा काळसर डोंगर. बोटीच्या कुशीत एक दार उघडतं आणि फोर्कलिफ्ट आतबाहेर करू लागते. एखादी मुलगी पाठीला सॅक लावून चढते, एखादे आजोबा उतरतात. पंधरा मिनिटं, की सुटले दोर. हे ओक्सफ्योर्ड, नॉर्वेच्या पार उत्तरेकडचं एक चिमुकलं बंदर. बर्गनहून रशियाच्या सीमेजवळच्या किर्केनेसपर्यंत अशी 34 बंदरं घेत ही बोट जाते. जाऊन-येऊन 12 दिवस.

तिला क्रूझ म्हणायला माझी जीभ रेटत नाही. ही खरं तर आपल्या एसटीची बहीण. तिचं नाव हुर्टिग्रुटेन, म्हणजे जलद मार्ग. ती सुरू होण्याआधी ट्रॉन्हैमहून हामरफेस्टला पत्र जायला उन्हाळ्यात तीन आठवडे लागत, हिवाळ्यात पाच महिने. सरकारला बारमाही बोट हवी होती, पण अंधारात, खडकांच्या जाळ्यातून जायला कंपन्या राजी होईनात. रिचर्ड विथ नावाचा कप्तान मात्र तयार झाला. कुठल्या दिशेला, किती वेगानं, किती वेळ जायचं, याच्या नोंदी तो आणि त्याचा वाटाड्या वर्षानुवर्षं वहीत करत आले होते. 2 जुलै 1893 ला त्याची ‘वेस्टरोलेन’ ट्रॉन्हैमहून निघाली आणि 67 तासांत हामरफेस्टला पोचली.

आजही रात्री कठड्याशी उभं राहिलं की ती वाट दिसते. तिथल्या अनेक दीपगृहांचा उजेड दिशेप्रमाणे रंग बदलतो. पांढरा दिसला तर वाट बरोबर. लाल किंवा हिरवा दिसला की समजायचं, बोट बाजूला सरकली, खडक जवळ आहेत. सुकाणूवरचा माणूस एका पांढऱ्या पट्ट्यातून दुसऱ्यात बोट घालत राहतो. मी हे बघत तासन्‌तास थंडीत उभा राहिलोय. उत्तरेच्या आकाशातल्या त्या रंगीत प्रकाशाचं कौतुक पोस्टकार्डांनी भरपूर केलंय, ते मी करत बसत नाही.

बहुतेक वाट बेटांच्या आडोशानं जाते, पाणी शांत असतं. पण स्टाडच्या भूशिरापाशी आडोसा संपतो आणि भल्याभल्यांना बोट लागते. जुन्या काळी लोक तिथं होड्या चक्क जमिनीवरून ओढत नेत. मला ते अगदी पटतं.

लोफोटेन बेटं आली की आधी वास येतो. आपल्याकडे बोंबील वाळत घालतात तसा तिथं लाकडी मांडवांवर कॉड मासा टांगतात, तोही बिनमिठाचा. थंड वाराच त्याला सुकवतो. मासा जातो इटलीला आणि डोकी नायजेरियाला, रश्शासाठी.

आणखी वर बेर्लेवोग. तिथं मोठ्या बोटीला धक्काच नव्हता. ती बाहेर थांबायची आणि माणसं छोट्या होडीतून ये-जा करायची. कोकण बोटीला पडावातून गाठणाऱ्या आजीआजोबांना हे सांगायला नकोच! मग लाटा अडवायला तिथं चार पायांचे सिमेंटचे ठोकळे रचले. मरीन ड्राइव्हवर कठड्यापलीकडे पडलेले असतात ना, तसलेच.

परतीच्या फेरीची एक गंमत आहे. जाताना रात्री लागलेली बंदरं येताना दिवसा लागतात. ओक्सफ्योर्ड दुपारी आलं. पाहतो तर डोंगराच्या पायथ्याशी चांगलं नांदतं गाव, खिडक्यांत पडदे, अंगणात मुलांच्या घसरगाड्या. फोर्कलिफ्ट मात्र तीच. पंधरा मिनिटं झाली, दोर सुटले.