कातळ, कालवं आणि तूस

मंडळी, टेबलावरच्या या वाडग्याच्या काठाखाली मसुरीच्या डाळीएवढा खळगा दिसेल. त्याच्या तळाशी पांढरा कण आहे, नख लावलं की त्याचं पीठ होतं. भट्टीतून निघाल्यावर भांडं स्वच्छ दिसतं आणि आठ-दहा दिवसांनी असा टवका उडतो. हा कण शिंपल्याचा. कोकणात सिरॅमिकचं काम करणाऱ्याला प्रेरणेबद्दल विचारलं की लाटा, माड, होड्या असं उत्तर अपेक्षित असतं. पण भांड्यावर समुद्र चितारण्याच्या कितीतरी आधी तो मातीत येऊन बसलेला असतो. आज त्याबद्दलच बोलू या.

आधी खळगा. शिंपला म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. साधारण साडेआठशे-नऊशे अंशांच्या पुढे त्याची कळी होते, म्हणजे न विझलेला चुना. थंड झालेल्या भांड्यात हा चुना हवेतलं पाणी ओढतो, फुगतो आणि वरची माती ढकलून देतो. आपल्या दमट हवेत तर हे फार लवकर होतं. कुंभाराच्या आव्यात, म्हणजे उघड्यावर रचलेल्या भट्टीत, ताव बहुधा सातशे-आठशे अंशांचा, तिथे शिंपला शिंपलाच राहतो. म्हणून तीच माती आव्यात निभावते आणि हजार अंशांच्या विजेच्या भट्टीत दगा देते. दोष मातीचा नाही, तापमानाचा आहे. उपाय सोपा, पण कष्टाचा: माती पातळ करून 80 मेशच्या (इंचाला 80 भोकं असलेल्या) चाळणीतून गाळायची. त्यातून गेलेला बारीक चुना विखुरतो, त्रास देत नाही. आणि मातीचा चिकटपणा कमी करायला वाळू घालायची असेल तर पुळणीवरची घालू नका, तिच्यात शिंपल्यांचा चुरा असतोच. नदीची वाळू किंवा कणकवलीजवळच्या कासार्ड्याकडची सिलिका वाळू चालते. सगळ्यात उत्तम म्हणजे भाजलेल्या खापऱ्या कुटून केलेला चुरा, शेकडा 10 ते 15.

दुसरी गोष्ट मीठ. खाजणालगतची, म्हणजे भरतीचं पाणी शिरतं त्या खाऱ्या जमिनीजवळची, माती वाळली की कडांवर पांढरी झाक येते आणि भाजल्यावरही ती जात नाही. अशा झाकेवर पुष्कळदा मातीत बेरियम कार्बोनेटची पूड मिसळायला सुचवतात. ते विषारी आहेच, शिवाय ते सल्फेट बांधतं. समुद्राचं मीठ मुख्यतः क्लोराइड, त्याला ते बांधू शकत नाही. इथे धुण्याला पर्याय नाही. एक भाग मातीत चार भाग गोडं पाणी घाला, ढवळा, निवळू द्या, वरचं पाणी ओता. पहिल्या धुण्यात माती झटकन खाली बसते, कारण मिठामुळे तिचे कण एकमेकांना चिकटून जड होतात. तिसऱ्या-चौथ्या खेपेला पाणी गढूळच राहतं, बसायला रात्र लागते. तो गढूळपणा पाहून समाधान मानावं, मीठ निघाल्याची ती खूण आहे.

पावसाळ्यात वाळवणीवर विश्वास ठेवू नका. भांडं गालाला लावून बघा. गार लागलं तर आत पाणी आहे. जुलैत सहा मिलिमीटरपेक्षा जाड भिंतीचं भांडं भट्टीत ऐंशी-नव्वद अंशांवर रात्रभर ठेवावं, झाकण किंचित उघडं. घाईनं शंभर ओलांडलेत तर वाफेनं तुकडे होतात आणि शेजारची भांडीही जातात.

आता ग्लेझ, म्हणजे भांड्यावरचा काचेसारखा लेप. इथे कोकण खरोखर श्रीमंत आहे. भाताच्या तुसाची राख जवळजवळ 90 टक्के सिलिका असते. एकटी ती वितळत नाही, सोबतीला वितळवणारं कुणीतरी लागतं. तुसाची राख, लाकडाची राख आणि फेल्डस्पार (दगडातलं एक खनिज) समभाग घेतले की 1260 ते 1280 अंशांवर दुधाळ, दाट ग्लेझ मिळतं; जपानी कुंभार अशा ग्लेझला नुका म्हणतात. आंब्याच्या किंवा सुरूच्या लाकडाची राख चालते. माडाच्या सोडणाची मात्र नीट धुवावी, तिच्यात पोटॅश फार आणि क्षारही. धुताना रबरी हातमोजे हवेतच. राखेचं पाणी कातडी सोलतं. आणि तूस उघड्यावर पुरतं पांढुरकं होईतो जाळा. काळी राख वजनात कोळसा मोजायला लावते आणि प्रमाण चुकतं.

जांभ्याचं काम मला सगळ्यांत मोलाचं वाटतं. जांभ्यात लोह भरपूर, पण ॲल्युमिनाही (ॲल्युमिनियमचं ऑक्साइड) बरीच. म्हणून दगड कुटून, चाळून राखेच्या ग्लेझमध्ये शेकडा 10, 20, 30, 40 असा चढत्या क्रमानं घालून पाहायचा. लोह रंग गडद करत नेतं आणि ॲल्युमिना ग्लेझला वितळू देत नाही. एका टप्प्यानंतर चकाकी मरते, पृष्ठभाग कोरडा, खरखरीत होतो. पुस्तकात याला दोष म्हणतात. पण वैशाखातला कातळ अनवाणी पायाला कसा लागतो ते ज्याला ठाऊक आहे, त्यानं हा दोष जपावा. आतून दुधाळ तुसाचं ग्लेझ आणि बाहेरून हा कोरडा जांभा, असा वाडगा हातात घेतला की रंगवलेल्या होडीची गरज उरत नाही. फक्त कोरडी बाजू ओठाला लागणार नाही असा काठ ठेवा, आणि त्यात जेवण वाढायचं असेल तर आतलं ग्लेझ पूर्ण वितळलंय याची खात्री करा.

दुधाळ ग्लेझ जाड हवं, सुमारे दीड मिलिमीटर. पातळ बसलं तर खालचं तपकिरी डोकावतं. जाड ग्लेझ ओघळतंही. बुडाशी आठ मिलिमीटर जागा ओल्या स्पंजानं पुसून मोकळी ठेवा, आणि नमुन्याच्या टाइल्स उभ्याच भाजा, आडव्या टाइलवर ओघळ कळत नाही. मागच्या बाजूला पेन्सिलीनं लिहू नका, ते जळतं. लोहाच्या ऑक्साइडमध्ये काडी बुडवून तीन गोष्टी लिहा: दगड कुठल्या गावचा, राख कुठल्या झाडाची, कोणत्या महिन्यात जाळलेली.