पाठीतलं पाणी

नमस्कार, श्रोतेहो.

"डॉक्टर, पाठीतलं पाणी तेवढं काढू नका. आमच्या गावात एकाचं काढलं, तो परत उठलाच नाही." वॉर्डाबाहेरच्या बाकड्यावर हे मी इतक्यांदा ऐकलंय, की सहीचा कागद पुढं करतानाच ते वाक्य कानात वाजायला लागतं. तो माणूस उठला नाही, हे खरंही असेल. पण बहुतेक वेळा त्याला नेलेलं असतं मेंदूज्वरानं, आणि नाव होतं सुईचं. हे पाणी म्हणजे मेंदू आणि मज्जारज्जूभोवतीचा द्रव. आजार ओळखायला त्यातला थोडासा सुईनं काढून तपासतात.

कंबरेवर दोन्ही हात ठेवा. हाडांच्या कडा लागतील. त्या जोडणारी रेघ पाठीवर जिथून जाते, तिथंच आसपास ही सुई टोचतात. मोठ्या माणसाचा मज्जारज्जू त्याच्या बराच वर संपलेला असतो. खाली उरतात नसांचे धागे, पाण्यात सोडलेल्या शेवयांसारखे. सुई आली की ते सहसा बाजूला सरकतात.

आणि पाणी तरी किती? मेंदू आणि मज्जारज्जूभोवती मिळून साधारण 150 मिली. शरीर रोज अर्धा लिटर नवं तयार करतं. आम्ही घेतो जेमतेम दोन चमचे. तासाभरात भरून निघतं.

पेशंटला कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन झोपवतात. आधी कातडीला भूल. आतला पडदा ओलांडताना डॉक्टरच्या बोटांना हलकं 'टप्' जाणवतं. सुईतली बारीक तार काढली, की थेंब यायला लागतात. मी अजूनही पहिली बाटली खिडकीपाशी नेतो आणि मागं छापील कागद धरतो. अक्षरं स्वच्छ दिसली तर जरा हायसं वाटतं. पाणी गढूळ असेल तर जिवाणूंचा संशय. मेंदूच्या टीबीत बाटली ठेवून दिली, की कधी कधी आत कोळ्याच्या जाळ्यासारखा पापुद्रा धरतो. साखर कमी, प्रथिनं जास्त. डोक्यात रक्तस्राव होऊन काही तास गेले असतील तर पाणी पिवळसर. 2025 च्या सुरुवातीला पुण्यात जीबीएसची, म्हणजे हातपाय लुळे पाडणाऱ्या नसांच्या आजाराची, साथ आली, तेव्हाही हीच तपासणी कामी आली. त्यात प्रथिनं वाढतात, पेशी मात्र वाढत नाहीत.

गंमत म्हणजे सिझेरियनची भूल याच वाटेनं देतात. तिथं कुणी हरकत घेत नाही! रक्ताच्या कॅन्सरमध्ये मुलांना औषधही इथूनच देतात.

जर्मनीतल्या कील शहरात डॉक्टर क्विंके यांनी 1891 मध्ये ही पद्धत रुळवली. त्याच गावात 1898 मध्ये सर्जन बिअर यांनी पाठीतून भूल देण्याचा प्रयोग करताना स्वतःच्या पाठीत सुई टोचून घेतली आणि पुढचे कित्येक दिवस डोकं धरून काढले. बसलं की ठणका, आडवं झालं की आराम. हा त्रास आजही काहींना होतो. बारीक सुईनं तो कमी झालाय.

डोक्यातला दाब वाढल्याची शंका असेल तर आधी सीटी स्कॅन करतात. पण मेंदूज्वराची औषधं त्यासाठी थांबवत नाहीत. घरचं माणूस रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेत असेल, तर ते सही करण्याआधी सांगा. आणि घरी गेल्यावर डोकं दुखलं तर आडवं पडा, पाणी प्या, चहाही चालेल. दुखणं थांबेना, ताप आला किंवा पाय जड वाटले, तर मात्र लगेच परत या.