देश वाढतो तेव्हा भागधारकाच्या हाती काय पडते?

मित्रहो,

भारताची अर्थव्यवस्था पुढची वीस-पंचवीस वर्षे वाढत राहणार आहे, आशिया खंडाचेच हे शतक आहे, तेव्हा इथल्या शेअर बाजारात पैसे ठेवावेत आणि स्वस्थ राहावे, असा सल्ला आपल्यापैकी प्रत्येकाने कुणाच्या ना कुणाच्या तोंडून ऐकलेला असतो. या सल्ल्याचा पूर्वार्ध मला मान्य आहे. उत्तरार्धाविषयी मात्र मला आज सविस्तर बोलायचे आहे, कारण देशाची वाढ आणि भागधारकाचा परतावा या दोन गोष्टींच्या मध्ये बरेच अंतर आहे, आणि गुंतवणूकदाराचा पैसा वाढतो किंवा बुडतो तो या मधल्या अंतरातच.

सुरुवात चीनपासून करू. 16 ऑक्टोबर 2007 रोजी शांघाय बाजाराचा निर्देशांक 6,124 वर पोहोचला. त्यानंतर चीनची अर्थव्यवस्था डॉलरमध्ये मोजली तरी पाचपटीहून मोठी झाली. नवी शहरे उभी राहिली, वेगवान रेल्वेचे जाळे पसरले, विजेवर चालणाऱ्या मोटारींत हा देश जगात पहिला झाला. म्हणजे 2007 साली ज्याने चीनच्या भविष्यावर विश्वास ठेवला, त्याचा अंदाज शंभर टक्के खरा ठरला. तरीही 2025 साल संपेपर्यंत शांघायचा निर्देशांक त्या 6,124 च्या पातळीला परत गेलेला नव्हता. अंदाज बरोबर आणि तरी नुकसान, असे हे उदाहरण आहे, आणि म्हणूनच मला ते कोणत्याही घोटाळ्याच्या कथेपेक्षा अधिक शिकवणारे वाटते.

त्याच काळातला एक दिवस थोडा जवळून पाहू. 5 नोव्हेंबर 2007 रोजी पेट्रोचायना या सरकारी तेल कंपनीचे समभाग शांघायमध्ये प्रथमच खरेदी-विक्रीसाठी आले. प्राथमिक विक्रीचा भाव होता 16.70 युआन आणि पहिल्याच दिवशी बाजार बंद झाला तेव्हाचा भाव होता 43.96 युआन. त्या भावाने हिशेब केला तर कंपनीचे मूल्य एक हजार अब्ज डॉलरच्या, म्हणजे एक ट्रिलियनच्या पुढे जात होते. एवढे मूल्य त्यापूर्वी जगातल्या कोणत्याही कंपनीच्या वाट्याला आले नव्हते. आता गंमत नव्हे, दुःखाची गोष्ट पाहा. याच कंपनीचे समभाग हाँगकाँगच्या बाजारात आधीपासून होते, आणि त्याच दिवशी तिथे ते निम्म्याहूनही कमी भावाने मिळत होते. कंपनी तीच, तेलविहिरी त्याच, नफाही तोच. पण चीनमधल्या सामान्य नागरिकाला आपला पैसा देशाबाहेर नेण्याची मोकळीक नव्हती. दार बंद होते, म्हणून आतल्या खोलीत भाव चढला. ज्यांनी त्या दिवशी खरेदी केली त्यांना तो भाव पुन्हा कधी दिसला नाही. या बंद दाराकडे मी शेवटी परत येणार आहे, कारण ते आपल्या घरालाही आहे.

मग देशाची वाढ भागधारकापर्यंत पोहोचताना गळते तरी कुठे? पहिली गळती समभागांच्या संख्येत आहे. कंपनीचा नफा दुप्पट झाला आणि तो मिळवण्यासाठी तिने नवे समभाग विकून समभागांची संख्याही दुप्पट केली, तर जुन्या भागधारकाच्या ताटात पूर्वीइतकेच पडते. वेगाने वाढणाऱ्या देशांत कारखाने, बँका, वीज प्रकल्प यांना सतत भांडवल लागते आणि ते नव्या समभागांतून उभे केले जाते. त्यामुळे कंपनीचा एकूण नफा किती वाढला यापेक्षा प्रति समभाग मिळकत किती वाढली, हाच प्रश्न विचारायला हवा. फ्लोरिडा विद्यापीठाचे अर्थशास्त्रज्ञ जे रिटर यांनी सोळा देशांची विसाव्या शतकातील आकडेवारी तपासली, तेव्हा दरडोई उत्पन्नाची वाढ आणि समभागांचा परतावा यांचा संबंध चक्क उलट दिशेचा निघाला. हा निष्कर्ष पहिल्यांदा वाचला तेव्हा मला तो पटला नव्हता. समभागांच्या संख्येचा हिशेब मांडायला लागल्यावर पटला.

दुसरी गळती खरेदीच्या भावात आहे, आणि इथे मी जास्त थांबणार आहे. तैवानचे उदाहरण घ्या. फेब्रुवारी 1990 मध्ये तैवानचा निर्देशांक 12,000 च्या पुढे गेला. त्याआधी चार वर्षांपूर्वी तो 1,000 च्या आसपास होता. लोक कामधंदा सोडून दलालांच्या कार्यालयांत बसू लागले होते. त्याच वर्षी ऑक्टोबरपर्यंत तो 2,500 च्या आसपास आला, म्हणजे आठ महिन्यांत शंभरातले ऐंशी रुपये गेले. फेब्रुवारी 1990 ची पातळी ओलांडायला 2020 सालचा जुलै उजाडावा लागला. या तीस वर्षांत तैवान मागे पडला होता का? अजिबात नाही. 1987 मध्ये स्थापन झालेली टीएसएमसी ही कंपनी याच काळात जगातली सर्वांत महत्त्वाची चिप बनवणारी कंपनी झाली. देशाने आपले काम चोख केले होते. फक्त 1990 च्या खरेदीदाराने तीस वर्षांच्या प्रगतीचे पैसे आधीच मोजले होते. थायलंडचेही तसेच झाले. जानेवारी 1994 मधला 1,753 चा उच्चांक ओलांडायला तिथल्या निर्देशांकाला 2018 साल उजाडले, आणि मध्ये 1997 चे आशियाई आर्थिक संकट येऊन गेले.

प्रामाणिकपणे एक गोष्ट सांगायला हवी. हे सगळे आकडे लाभांश सोडून आहेत. लाभांश पुन्हा गुंतवला असे धरले तर ही प्रतीक्षा बरीच कमी होते. फंडाची तुलना नुसत्या निर्देशांकाशी करणे म्हणूनच अपुरे असते. शेअर बाजाराची नियामक संस्था असलेल्या सेबीने फेब्रुवारी 2018 पासून म्युच्युअल फंडांना लाभांशासह मोजलेल्या निर्देशांकाशी, म्हणजे टीआरआयशी, तुलना करणे बंधनकारक केले, ते याचसाठी.

तिसरी गळती कंपनी नेमकी कुणासाठी चालवली जाते, या प्रश्नात आहे. दक्षिण कोरियात मोठमोठे उद्योगसमूह काही कुटुंबांच्या हाती आहेत. त्यांच्या कंपन्या उत्तम वस्तू बनवतात, पण छोट्या भागधारकाला लाभांश देताना हात आखडता घेतात, म्हणून त्यांचे समभाग वर्षानुवर्षे कमी भावाने विकले गेले. तिथल्या सरकारला फेब्रुवारी 2024 मध्ये ही सूट कमी करण्यासाठी खास कार्यक्रम जाहीर करावा लागला. चीनमध्ये जुलै 2021 मध्ये शालेय विषयांच्या खासगी शिकवण्यांनी नफा कमावू नये असा आदेश निघाला आणि त्या क्षेत्रातल्या कंपन्यांचे समभाग काही दिवसांत कोसळले. आपणही याला अपवाद नाही. 7 जानेवारी 2009 रोजी सत्यम कंप्युटर्स या सॉफ्टवेअर कंपनीच्या अध्यक्षांनी खोट्या हिशेबांची कबुली दिली, तेव्हा कंपनीच्या ताळेबंदातली बहुतेक रोकड प्रत्यक्षात नव्हतीच असे निघाले.

चौथी गळती चलनाची. 10 जानेवारी 2008 रोजी सेन्सेक्सने 21,206 ची पातळी पाहिली आणि सप्टेंबर 2024 मध्ये तो 85,900 च्या वर गेला. म्हणजे चौपट. पण 2008 च्या जानेवारीत डॉलर सुमारे 39 रुपयांना मिळत होता, 2024 च्या सप्टेंबरमध्ये त्याला 83 रुपयांहून अधिक पडत होते. ज्या परदेशी गुंतवणूकदाराने डॉलर आणले आणि डॉलर परत नेले, त्याच्या हिशेबात ही वाढ दुपटीहूनही थोडी कमी भरते. परदेशी वित्तसंस्था भारतातून पैसा काढतात तेव्हा आपल्याला राग येतो. हा हिशेब एकदा त्यांच्या बाजूने करून पाहावा. आपण बाहेर गुंतवणूक करतो तेव्हा मात्र रुपयाची घसरण आपल्या बाजूने काम करते, पण एका अटीवर: ज्या देशात पैसा नेला त्याचे चलन रुपयापेक्षा कमी घसरले पाहिजे. 1997 च्या संकटाआधी एका डॉलरला सुमारे 2,400 इंडोनेशियन रुपिया मिळत, 1998 मध्ये तो दर 15,000 च्याही पलीकडे गेला. आशियात पैसा विभागला म्हणजे चलनाची जोखीम गेली, असे होत नाही.

आता ‘उदयोन्मुख बाजारपेठा’ या नावाकडे वळू. हा शब्दप्रयोग 1981 मध्ये जागतिक बँक समूहातल्या इंटरनॅशनल फायनान्स कॉर्पोरेशनमधील आंत्वान फान अख्तमाल यांनी रूढ केला. ‘तिसरे जग’ म्हटले की कुणी पैसे लावायला तयार होत नसे, म्हणून हे आशादायक नाव शोधले गेले. नाव चांगले असले तरी त्याच्या आत काय आहे ते पाहावे लागते. फंड ज्यांच्या याद्यांवर चालतात त्या निर्देशांक बनवणाऱ्या संस्थांपैकी एमएससीआयच्या यादीत दक्षिण कोरिया अजून उदयोन्मुख आहे, तर एफटीएसईच्या यादीत तो 2009 पासूनच विकसित आहे. म्हणजे एकाच नावाच्या दोन फंडांपैकी एकात सॅमसंग असेल आणि दुसऱ्यात नसेल. माझी विनंती एवढीच, की फंड निवडण्याआधी त्याची दरमहा निघणारी फॅक्टशीट उघडा आणि पहिल्या दहा कंपन्यांवर बोट ठेवा. उदयोन्मुख बाजारांच्या फंडात बहुधा सर्वांत वर टीएसएमसी दिसेल, पाठोपाठ चीनमधली इंटरनेट कंपनी टेन्सेंट, कोरियातली सॅमसंग. आपण घेतो आहोत तो बहुतांशी चीन, तैवान, कोरिया आणि भारत या चार देशांचा आणि त्यातही मूठभर कंपन्यांचा हिस्सा आहे. व्हिएतनाम किंवा इंडोनेशियाच्या तरुण लोकसंख्येची चित्रे माहितीपत्रकावर असतात, पैसा तिकडे फारच थोडा जातो. शिवाय भारतीय गुंतवणूकदाराची नोकरी, घर, भविष्य निर्वाह निधी सगळे आधीच भारतात असते; त्याने जागतिक यादीचा फंड घेतला तर त्यात पुन्हा भारत येतो. त्याला खरी गरज आहे ती इथे न मिळणाऱ्या उद्योगांची, उदाहरणार्थ चिपनिर्मितीची.

भारताच्या बाजाराने गेल्या तीन दशकांत भागधारकाला शेजाऱ्यांपेक्षा चांगले वागवले, असे माझे मत आहे. 1992 मध्ये सेबीला कायद्याचे बळ मिळाले, 1994 मध्ये राष्ट्रीय शेअर बाजारात संगणकावर व्यवहार सुरू झाले, 1996 मध्ये एनएसडीएल या समभागांची संगणकीय नोंद ठेवणाऱ्या संस्थेमुळे कागदी प्रमाणपत्रांची जागा डीमॅट खात्याने घेतली. ज्यांनी सही जुळत नाही म्हणून परत आलेली प्रमाणपत्रे पाहिली आहेत, त्यांना या सुधारणेची किंमत वेगळी सांगावी लागत नाही. आता एसआयपीतून, म्हणजे फंडात हप्त्याहप्त्याने पैसे भरण्याच्या पद्धतीतून, दरमहा येणारी रक्कम 25,000 कोटी रुपयांच्या वर गेली आहे आणि परदेशी विक्रीचा धक्का बाजार पूर्वीपेक्षा बरा सोसतो. पण हाच पैसा भाव वर ठेवतो, हेही त्याच वाक्यात म्हटले पाहिजे. लहान कंपन्यांच्या फंडात पैसा ओतला जातो तेव्हा 1990 च्या तैवानची मला आठवण होते.

भावाचा धडा मी स्वतः 2008 च्या जानेवारीत शिकलो. पायाभूत सुविधांच्या एका नव्या फंडाची विक्री सुरू होती आणि ‘युनिट फक्त दहा रुपयांना’ असे मला सांगण्यात आले. जुन्या फंडाचे युनिट शंभर रुपयांना आणि हे दहाला, म्हणजे स्वस्त, असे मला मनापासून वाटले आणि मी 50,000 रुपये भरले. दहा रुपये हा केवळ हिशेबाचा आरंभ असतो, त्या दहा रुपयांतून फंड जे समभाग घेतो ते बाजाराच्या चढ्या भावानेच घेतो, हे मला कुणी सांगितले नाही आणि मीही विचारले नाही. वर्ष संपता संपता आलेल्या पत्रकावर युनिटची किंमत पाच रुपयांच्याही खाली होती. रस्ते, पूल, वीज प्रकल्प पुढे देशात झाले, भरपूर झाले. मी मोजलेल्या भावात ते आधीच बांधून झाले होते.

खर्चाविषयी थोडक्यात. दरमहा 10,000 रुपये वीस वर्षे, वार्षिक 12 टक्क्यांनी वाढले तर सुमारे 99 लाख होतात. 11 टक्क्यांनी वाढले तर सुमारे साडेशहाऐंशी लाख. हा एक टक्का म्हणजे अनेकदा रेग्युलर (सल्लागार किंवा वितरकामार्फत घेतलेल्या) आणि डायरेक्ट (थेट फंड कंपनीकडून घेतलेल्या) प्लॅनच्या खर्चातला फरक. सल्लागार त्याच्या बदल्यात पडत्या बाजारात तुम्हाला विक्रीपासून रोखत असेल तर तो पैसा सार्थकी लागतो. नुसता अर्ज भरून देत असेल तर नाही. समभागांच्या वायदे आणि ऑप्शन (एफ अँड ओ) व्यवहारांविषयी तर सेबीचाच अभ्यास बोलतो: 2021-22 ते 2023-24 या तीन वर्षांत वैयक्तिक व्यवहार करणाऱ्यांपैकी 93 टक्के लोकांना तोटा झाला. त्याला मी गुंतवणूक म्हणत नाही.

शेवटी त्या बंद दाराकडे येतो. भारतातून बाहेर गुंतवणूक करण्याचे दोन सरळ मार्ग आहेत. रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत योजनेखाली प्रत्येक व्यक्ती आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत बाहेर पाठवू शकते. दहा लाख रुपयांपुढच्या रकमेवर 20 टक्के कर आधीच वसूल केला जातो, तो विवरणपत्रात वळता करून घेता येतो. दुसरा मार्ग इथल्या म्युच्युअल फंडांचा, पण सर्व फंडांना मिळून परदेशी समभागांसाठी सात अब्ज डॉलर आणि परदेशी ईटीएफसाठी (शेअर बाजारात समभागांसारखी खरेदी-विक्री होणाऱ्या फंडांसाठी) एक अब्ज डॉलर एवढीच मर्यादा आहे. 2022 च्या सुरुवातीला ती भरत आली आणि अनेक फंडांनी नवे पैसे घेणे थांबवले. त्यानंतर इथल्या बाजारात खरेदी-विक्री होणारे काही परदेशी ईटीएफ त्यांच्या एनएव्हीपेक्षा, म्हणजे प्रत्येक युनिटमागच्या मालमत्तेच्या मूल्यापेक्षा, बऱ्याच वरच्या भावाने विकले जाऊ लागले, कारण नवी युनिट्स तयार होत नव्हती आणि मागणी मात्र कायम होती. शंभर रुपयांच्या मालासाठी एकशे दहा रुपये देणारा खरेदीदार हा शांघायमध्ये 43.96 युआन मोजणाऱ्याचाच भाऊबंद आहे, आणि मर्यादा वाढली की ते वरचे दहा रुपये एका दिवसात नाहीसे होऊ शकतात. फंड कंपनीच्या संकेतस्थळावर बाजार चालू असताना ईटीएफचे अंदाजे मूल्य, आयएनएव्ही या नावाने, सतत दाखवले जाते. ऑर्डर देण्यापूर्वी तो आकडा आणि पडद्यावरचा भाव शेजारी शेजारी ठेवून पाहावा.