गिरगावची राणी

श्रोतेहो, नमस्कार.

वास्कोहून बोगमाळोच्या किनाऱ्याकडे निघालात की समुद्र दिसायच्या जरा अलीकडे रस्त्यालगत विमानं उभी दिसतात. दाबोळीला चढतात-उतरतात ती नव्हेत. ही उडायची थांबलेली. हे नौदलाचं विमान संग्रहालय, १९९८ साली सुरू झालेलं. गोव्याला दहा वेळा येऊन गेलेली माणसं या जागेवरून मासे खायला पुढं निघून जातात, आणि मासे काय, मासे कुठंही मिळतात हो. बोगमाळो, पुन्हा सांगतो, बोगमाळो. लिहून ठेवा.

तिथं काय आहे? सीलँड आहे. पाण्यावरही उतरणारं आणि धावपट्टीवरही उतरणारं छोटं विमान. आपल्या नौदलानं १९५३ मध्ये कोचीला विमानं उडवायला सुरुवात केली ती या सीलँडपासून. मग सी हॉक आहे, अलिझे आहे. ही दोन्ही जुन्या विक्रांतवरून, म्हणजे नौदलाच्या विमानवाहू जहाजावरून उडणारी. सी हॅरियर आहे, जागच्या जागी खाली उतरणारं. त्याच्या आवाजानं खिडक्यांची तावदानं थरथरायची, हे वास्कोकरांना मी सांगायला नको. आत इमारतीत बॉम्ब, टॉर्पेडो, पॅराशूट, जुने फोटो. हे सगळं बघाच. पण मला आज बोलायचंय ते बाहेर उभ्या असलेल्या सगळ्यांत मोठ्या विमानाबद्दल. चार इंजिनं, माशासारखं बाकदार अंग आणि मागे एक नाही, दोन नाही, तीन शेपट्या. एकच उंच शेपटी ठेवली असती तर त्या काळच्या हँगारात विमान शिरलं नसतं, म्हणून तीन बुटक्या.

याचं नाव सुपर कॉन्स्टेलेशन. एअर इंडियानं ही विमानं पन्नासच्या दशकात घेतली आणि प्रत्येकीला नाव दिलं राणीचं. राणी ऑफ झाशी, राणी ऑफ अजंठा, राणी ऑफ चितोड. बोगमाळोची आहे ती राणी ऑफ एलोरा. म्हणजे आपल्या वेरूळची राणी. राणी हा शब्द लक्षात ठेवा, पुढचा सगळा घोळ त्याचाच आहे.

माझे मामा तेव्हा सांताक्रूझच्या हँगारात मेकॅनिक होते. १९५६-५७ची गोष्ट. नुकतं लग्न झालेलं, बिऱ्हाड गिरगावात चाळीतल्या दीड खोलीत. पाळी बहुतेक रात्रीची, कारण विमान रात्री लंडनहून यायचं आणि सकाळपर्यंत तयार करून ठेवायचं असायचं. या राण्यांची इंजिनं फार नखरेल. एकेका इंजिनाला अठरा सिलिंडर, आणि तेल गळायचं ते सदैव. मामा म्हणायचे, तेल गळत नसलं तर समजायचं टाकीत तेलच नाही. तर मामा सकाळी घरी यायचे ते तेलानं माखून. कपडे मामी धुणार. आता तेलाचे डाग कसे काढतात हे काय सांगायचं तुम्हाला, आधी रॉकेल, मग सोड्याचं गरम पाणी, मग पाचशेएक बार. पण चाळीचा नळ सामायिक! धुण्याच्या दगडाला वास राहायचा, आणि दुसऱ्या बायकांच्या लुगड्यांना तो लागायचा. त्यावरून रोज कुरबूर.

तर एके सकाळी मामांचे एक मित्र जिन्यात भेटले. त्यांनी विचारलं, काय रे, डोळे लाल? मामा म्हणाले, "राणीनं रात्रभर झोपू दिलं नाही." आणि वर म्हणाले, "तिला उद्या लंडनला पाठवली की सुटलो."

जिन्याखाली नळावर तीन बायका होत्या.

संध्याकाळपर्यंत चाळीचे दोन्ही मजले जाणून होते. नवीन सुनेचा नवरा रात्री बाहेर असतो, सकाळी येतो, आणि राणी नावाची कुणी तरी आहे, तीही लंडनला ये-जा करणारी, म्हणजे पैसेवाली. पहिल्या मजल्यावरच्या एक वयस्क काकू पदराखाली नारळ आणि कसला तरी अंगारा घेऊन मामीकडं आल्या. दार लोटून घेतलं. म्हणाल्या, "पोरी, मला सगळं कळलंय. रडू नकोस. पुरुषाची जात." मामी एकोणीस वर्षांची. तिला आधी काही कळेचना. कळलं तेव्हा हसू आवरेना, आणि हसू दाबायला तिनं तोंडात पदर कोंबला. काकूंना वाटलं हुंदका. त्यांनी मामीला जवळ घेतलं आणि स्वतःच रडायला लागल्या.

आता मामीनं खरं सांगायचं की नाही? सांगितलं नाही! का, तर त्या दिवसापासून नळावर तिला पहिला नंबर मिळायला लागला. दगडाच्या वासाबद्दल कुणी अक्षर काढेना. बिचारी सोसते आहे, जाऊ दे. मामांना मात्र जिन्यात कुणी ओळख देईना. पंधरा दिवस हे चाललं. शेवटी हँगारातले चार जण घरी कांदाभजी खायला आले. त्यातल्या एकानं गॅलरीत उभं राहून मोठ्यानं सांगितलं की राणीचं तिसरं इंजिन बदललं. मग उलगडा झाला. मामांचं नाव मात्र चाळीत कायमचं पडलं, राणीचा नवरा.

मामीनं ती राणी कधी पाहिली नव्हती. सांताक्रूझला बायकांना कोण नेतं? १९६० साली बोइंग आली, राण्या मागे पडल्या, हवाई दलाकडं गेल्या, मामांनी जेटचं काम शिकून घेतलं. विषय संपला.

संग्रहालय उघडून सात-आठ वर्षं झाल्यावर आमच्याकडं फोंड्याला लग्न होतं, तेव्हा दोघं आली. लग्नात बुफे होता. बुफे हे जेवणच नव्हे, ताट हातात धरून उभ्यानं खायचं तर मग वाढपी कशाला जन्माला आले. पण ते असो. दुसऱ्या दिवशी मी दोघांना बोगमाळोला नेलं. मामा थेट इंजिनाखाली गेले आणि तळहात वर करून उभे राहिले. थेंब पडतोय का बघायची जुनी सवय. हात कोरडा. काही बोलले नाहीत.

मामीनं मात्र विमानाला एक पुरी प्रदक्षिणा घातली. "हीच का ती?" मग शेपट्या मोजल्या. तिथं ड्यूटीवरचा नौसैनिक सातारकडचा निघाला. मामीनं त्याला विचारलं, "बाळा, हिचं तेल गळतं का रे अजून?" तो म्हणाला, "नाही काकू, आता कुठलं तेल." मामी म्हणाली, "माझी पाच वर्षं रॉकेलात गेली, तेव्हा गळत होतं, आणि आता मी बघायला आले तर ही कोरडी!" त्यानं विचारलं, फोटो काढू का विमानाजवळ? "हिच्याशेजारी? मुळीच नाही." शेवटी मामा मधे, एका बाजूला मामी, दुसऱ्या बाजूला राणीचं चाक, असा फोटो निघाला. निघताना मामीनं मागे वळून पाहिलं आणि सैनिकाला म्हणाली, "उन्हापावसात उभी केलीत, निदान डोक्यावर पत्रे तरी घाला." मला तिचं म्हणणं शंभर टक्के पटतं. खाऱ्या हवेत अॅल्युमिनियम टिकत नाही.

अरे, वेळ संपत आली, आणि विक्रांतचं राहिलंच. पटकन सांगतो. १९७१ मध्ये डिसेंबरच्या ४ तारखेला विक्रांतवरून सी हॉक उडाली आणि तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातल्या कॉक्स बझारवर हल्ल्याला गेली; विक्रांतचा एक बॉयलर तेव्हा तडकलेला होता, तशातच हे केलं. ती विक्रांत पुढं मुंबईत संग्रहालय झाली, आणि २०१४ मध्ये भंगारात निघाली. तिचं पोलाद मोटारसायकलच्या टाकीत गेलं. तिची विमानं तेवढी बोगमाळोला आहेत.

आणि राणीचं पुढचं. १९७६ मध्ये नौदलानं या राण्या हवाई दलाकडून घेतल्या, दाबोळीहून समुद्रावर टेहळणीसाठी. दाबोळीला कॉन्स्टेलेशन नवी नव्हती. १९६१च्या डिसेंबरात, गोवामुक्तीच्या वेळी, आपल्या कॅनबेरा बॉम्बफेकी विमानांनी तिथली धावपट्टी फोडली, तरी पोर्तुगिजांचं एक कॉन्स्टेलेशन रात्रीच्या अंधारात उरल्यासुरल्या पट्टीवरून निसटलं होतं. ती गोष्टही मोठी आहे, पुन्हा कधीतरी.

तर बोगमाळो. वास्कोपासून जवळ. टोपी घ्या, बरीचशी विमानं उघड्यावर आहेत. आणि सोमवारी जाऊ नका, सोमवारी बंद असतं.

नमस्कार.