फोन करायचा कुणी?

नमस्कार. मी डॉक्टर नाही. कॅन्सरच्या रुग्णालयांत समाजसेवक म्हणून वीस वर्षं काढली. पेशंटसाठी काही ठरवताना पेशंटलाच का विचारावं, यावर त्यातलंच थोडं सांगतो.

एका रुग्णालयात आम्ही ठरवलं, तपासणीची तारीख बदलून हवी असेल तर पेशंटने फक्त फोन करायचा. समितीत आम्ही अकरा जण होतो. डॉक्टर, मेट्रन, कॉम्प्युटरवाले, मी. लोकांचे हेलपाटे वाचवले म्हणून आम्ही खूश. महिनाभराने मिरजेकडचे एक काका खिडकीशी आले. कॅन्सरमुळे त्यांचं स्वरयंत्र काढलेलं, गळ्याच्या भोकावर पांढरा रुमाल. त्यांनी खिशातून वही काढली, लिहिलं आणि माझ्यापुढे सरकवली : ‘फोन करा म्हणता. करू कसा?’

गळ्याच्या कॅन्सरची ओपीडी आठवड्यातून दोनदा चालायची आमच्याकडे! तरी अकरांपैकी एकाच्याही डोक्यात हे आलं नाही. माझ्याही नाही.

अभिप्रायाचा फॉर्म होता की. ‘सेवा समाधानकारक वाटली का? होय / नाही.’ ज्याला परवा त्याच खिडकीतून केमोचा कागद घ्यायचाय, तो ‘नाही’वर कशाला खूण करेल? म्हणून शंभरातले नव्वद ‘होय’, आणि आम्ही ते अहवालात छापायचो.

आता बार्शीचं बघा. १९८७ साली तिथे ग्रामीण भागातली देशातली पहिली कॅन्सर नोंदणी, म्हणजे कॅन्सरच्या रुग्णांची मोजणी, सुरू झाली. बार्शी, परांडा, भूम या तीन तालुक्यांत. दवाखान्यात बसून आकडे मिळेनात, कारण माणसं दवाखान्यापर्यंत पोचतच नव्हती. मग कार्यकर्ते गावोगाव फिरले, पारावर, ओसरीवर बसले, लक्षणं समजावून सांगितली. पाळी गेल्यावर पुन्हा अंगावरून जायला लागलं तर बाई ते कुणाला सांगणार? सासूला नाही, नवऱ्याला तर नाहीच. ते बोलणं उघड झालं आणि गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या बायका आधीपेक्षा लवकरच्या टप्प्यावर उपचाराला येऊ लागल्या. सुरुवात मोजणीची होती, हातात उपचार आला. मला हे उदाहरण कुठल्याही परिषदेतल्या ठरावापेक्षा मोठं वाटतं.

आणि औषधाच्या किमतीत पेशंटला काय कळतं, असं म्हणणाऱ्यांना मी ग्लिवेकची आठवण करून देतो. रक्ताच्या एका कॅन्सरवरच्या, नोव्हार्टिस कंपनीच्या या गोळ्यांचा महिन्याचा खर्च तेव्हा लाखावर होता, तर देशी कंपन्यांच्या त्याच औषधाचा दहा हजारांच्या आसपास. नोव्हार्टिसच्या पेटंटला हरकत घेणाऱ्यांत मुंबईची कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन होती. २००६ मध्ये चेन्नईच्या पेटंट कार्यालयाने कंपनीचा अर्ज फेटाळला, आणि १ एप्रिल २०१३ला सर्वोच्च न्यायालयानेही नोव्हार्टिसचं अपील फेटाळलं. रुग्णांसाठी काम करणारी संस्था, हे लक्षात घ्या.

तिकडे केरळात तर परिचारिकेबरोबर गावातली माणसं, रिक्षावाले, शिक्षक, घरोघरी जाऊन अंथरुणाला खिळलेल्यांची काळजी घेतात. २००८ला तिथल्या सरकारने वेदनाशामक सेवेचं धोरणच केलं.

पण एक गफलत आम्ही नंतरही केली, तीही सांगतो. समितीवर पेशंट घ्यायचा ठरला आणि आम्ही निवडले एक निवृत्त बँक मॅनेजर. छान बोलायचे, इंग्रजीत मुद्दे आणायचे. पण ते स्वतःच्या गाडीने यायचे! रात्रीच्या एसटीने येऊन पहाटे चारपासून फुटपाथवर फाईल ठेवून नंबर लावणारी बाई त्यांना तरी कुठे ठाऊक असणार? शेवटी बैठक ओपीडीच्याच दिवशी ठेवली, येण्याजाण्याचं भाडं आणि बुडालेला रोज द्यायला लागलो. भाड्याच्या पावत्यांवरून हिशेबनीस सहा महिने कुरकुरत होते.

मिरजेच्या काकांनाही बोलावलं. तारखेसाठी फोनऐवजी मेसेज चालेल, हे पहिल्या पाच मिनिटांत ठरलं. पुढचा विषय घेणार तोच काकांनी वहीचं पान उलटलं. तिथे आधीच लिहून आणलं होतं : ‘नाव पुकारता तेव्हा ओ कशी द्यायची?’