मोजे, वही आणि हेर्नहुट

[दृश्य: लेह. घराचं अंगण. विणणारे हात, अगदी जवळून.]

टाके चार सुयांवर, पाचवी सुई फिरती. मोज्याची टाच आली की अर्धे टाके तसेच थांबवायचे. उरलेल्यांवर मागेपुढे विणत छोटी पट्टी करायची, तिच्या कडेचे टाके उचलायचे आणि पुन्हा गोल विणत जायचं. अबी-ले, म्हणजे या घरातल्या आजी, हे सगळं गप्पा मारता मारता करतात. त्या आपल्या आईकडून शिकल्या. आई हिमाचलच्या लाहूल खोऱ्यातल्या केलाँगची.

हे विणकाम इथल्या डोंगरांइतकंच जुनं, असं त्यांची नात धरून चालली होती. आणि आपल्या घरातला ख्रिस्ती धर्म इंग्रजांनी आणलेला, असंही. आजोबांच्या पेटीतले कागद चाळायला घेतले आणि दोन्ही समजुती गळून पडल्या.

[दृश्य: केलाँगची जुनी छायाचित्रं.]

केलाँगला आलेले मिशनरी मोरावियन या प्रोटेस्टंट पंथाचे, जर्मनीतून आले होते. विल्हेल्म हाइडे आणि एडुआर्ड पागेल यांना खरं तर मंगोलियात जायचं होतं. रशियानं वाट दिली नाही, तिबेटनं आत घेतलं नाही, म्हणून १८५६ मध्ये ते लाहूलला राहिले. तीन वर्षांनी हाइडेंशी लग्न करायला मारिया आल्या. जन्म दक्षिण अमेरिकेतल्या सुरिनामचा, वाढल्या जर्मनीत. चाळीसहून जास्त वर्षं त्या हिमालयात राहिल्या आणि लाहूलच्या बायकांना त्यांनी मोजे विणायला शिकवलं. त्याच लाहुली मोज्यांना आज भौगोलिक मानांकन मिळालं आहे.

[दृश्य: जर्मनीतलं हेर्नहुट. गावाचा रस्ता, दफनभूमीतले सारख्या मापाचे आडवे दगड.]

पण मोरावियन पंथाची मुळं जर्मनीतही नाहीत. ती आहेत बोहेमिया आणि मोरावियात, आजच्या चेकियात. चर्चच्या गैरकारभारावर बोट ठेवणाऱ्या यान हुसला १४१५ मध्ये जिवंत जाळलं. त्याचा विचार मानणाऱ्यांनी १४५७ मध्ये आपला वेगळा बांधवसंघ उभा केला. १६२० मध्ये प्रागजवळच्या लढाईत कॅथलिक सम्राट जिंकला आणि या लोकांना आपल्याच देशात लपूनछपून प्रार्थना करायची वेळ आली. पुढे शंभर वर्षांनी त्यांच्यातली काही कुटुंबं सीमा ओलांडून जर्मनीतल्या सॅक्सनीत आली. त्सिन्त्सेंडॉर्फ नावाच्या सरदारानं त्यांना आपल्या जमिनीवर आसरा दिला. १७२२ मध्ये क्रिस्टियान डेव्हिड या सुतारानं तिथलं पहिलं झाड तोडलं आणि हेर्नहुट वसलं. अवघ्या दहा वर्षांत याच निर्वासितांच्या गावातून दोघे जण कॅरिबियन बेटांवरच्या गुलामांकडे निघाले.

दफनभूमीतले हे दगड पाहा. सुताराचा आणि श्रीमंताचा दगड एकाच मापाचा.

[दृश्य: वही. पानं उलटणारी बोटं.]

आणि ही आजोबांची वही. निळ्या शाईतली उर्दू, अधेमधे तिबेटी अक्षरं. घरच्यांना ती बार्ली आणि जर्दाळूंच्या हिशेबाची वाटत होती. नातीनं उर्दू वाचणाऱ्या शेजाऱ्यांपुढे धरली, तर पहिल्याच ओळीत आजोबांचा जन्म. मग वडिलांचं शेत, मिशनची शाळा, वाहून गेलेला पूल, लहानपणीच गेलेला मुलगा.

मोरावियनांमध्ये ही रीत अठराव्या शतकापासून आहे. आपल्या आयुष्याची हकीकत आपणच लिहायची, शेवटचा भाग घरच्यांनी पुरा करायचा आणि अंत्यविधीत ती सगळ्यांसमोर वाचायची. हेर्नहुटच्या दफ्तरखान्यात अशा हजारो हकीकती जपून ठेवल्या आहेत. विणकर, सुतार, मोलकरणी, सगळ्यांच्या. इतिहास ज्यांची साधी नोंदही घेत नाही, अशा माणसांच्या शब्दांना इतकी जागा देणारी रीत आमच्या तरी पाहण्यात दुसरी नाही.

[दृश्य: शेल्फवरचं तिबेटी बायबल.]

वहीशेजारी हे पुस्तक होतं. यश्के या मोरावियन पंडितानं तिबेटी भाषेचा कोश केला, नवा करार तिबेटीत आणला. त्यांचं नाव अभ्यासकांना ठाऊक असतं. जुन्या कराराच्या भाषांतरावर कित्येक वर्षं घालवली ती मात्र लडाखच्या योसेब गेर्गन यांनी. १९४६ मध्ये ते गेले, आणि दोन वर्षांनी लाहोरला संपूर्ण तिबेटी बायबल छापून झालं. त्यांचं नाव यश्केंच्या बरोबरीनं घेतलं जायला हवं.

[दृश्य: लेहचं चर्च. रविवारची सकाळ.]

लेहमधले मोरावियन आज फार थोडे उरलेत. तरुण मुलं शिकायला, नोकरीला दिल्ली-चंदीगडला जातात.

नातीनं वहीची सगळी पानं स्कॅन केली आहेत. शेवटचं पान रिकामं आहे. रीतीप्रमाणे ते घरच्यांनी लिहायचं, आणि ते आपण लिहिणार असं तिनं सांगून टाकलंय. आजोबांसारखं उर्दूत लिहायचं की लडाखीत, यावर घरात अजून एकमत झालेलं नाही.