ग्रीझमन खरंच वाईट खेळला का? मधल्या फळीचा हिशेब

नमस्कार श्रोतेहो.

१८ डिसेंबर २०२२. कतारमधल्या लुसेल मैदानावर अर्जेंटिना आणि फ्रान्सची विश्वचषकाची अंतिम लढत. जादा वेळेनंतर ३-३ अशी बरोबरी आणि टायब्रेकरमध्ये ४-२ ने अर्जेंटिनाचा विजय. या सामन्याला वर्षं उलटली, तरी कोल्हापूरच्या पेठांमधल्या कट्ट्यावर, मडगावच्या बाजारात किंवा मुंबईच्या कूपरेज मैदानाबाहेर चार फुटबॉलवेडे जमले की दोन वाद अजूनही निघतात. पहिला, फ्रान्सचा ग्रीझमन त्या दिवशी कुठे गायब झाला? आणि दुसरा, अर्जेंटिनाचे प्रशिक्षक स्कालोनी यांनी ६४व्या मिनिटाला डी मारियाला बाहेर काढून हातातला सामना घालवला होता का?

दोन्ही वाद मधल्या फळीचे आहेत. आणि दोन्ही वादांत आपण खेळाडूचा निकाल फार लवकर लावतो, असं माझं स्पष्ट मत आहे. मिडफिल्डरला, म्हणजे मधल्या फळीतल्या खेळाडूला, काय काम दिलं होतं आणि त्याच्या आजूबाजूला कोण उभं होतं, हे पाहिल्याशिवाय तो चांगला खेळला की वाईट, हे सांगताच येत नाही.

आधी ग्रीझमन. पोग्बा आणि कान्ते हे फ्रान्सचे दोन्ही भरवशाचे मिडफिल्डर दुखापतीमुळे स्पर्धेला आलेच नव्हते. मग फ्रान्सचे प्रशिक्षक देशाँ यांनी आघाडीला खेळणाऱ्या ग्रीझमनला मागे घेतलं आणि शुआमेनी, राबियो यांच्या जोडीला मधल्या फळीत उभं केलं. उपांत्यपूर्व फेरीत इंग्लंडविरुद्ध फ्रान्सच्या दोन्ही गोलांचे शेवटचे पास त्याचेच होते. म्हणजे माणूस लयीत होता. मग अंतिम सामन्यात काय बिघडलं?

फ्रान्सच्या डावीकडे पाहा. एम्बापे बचावाला मागे येत नव्हता. तो वरच थांबणार, ही फ्रान्सची योजनाच होती आणि तिच्यामुळे त्यांनी सामने जिंकलेही होते. पण त्यामुळे अर्जेंटिनाचा उजवा बॅक, म्हणजे उजव्या कडेचा बचावपटू, मोलिना मोकळा राहायचा. त्याला अडवायला राबियो बाजूला सरकला की मधे भगदाड पडायचं. तिथे मेस्सी आघाडीतून खाली उतरायचा. आता मोजा: अर्जेंटिनाचे एन्झो फर्नांडिस, डी पॉल, मॅक अ‍ॅलिस्टर आणि खाली आलेला मेस्सी असे चार. समोर शुआमेनी, राबियो आणि ग्रीझमन असे तीन, आणि त्यातला एक बाजूला ओढलेला. शुआमेनीने मेस्सीला धरायचं की एन्झोवर धावून जायचं? एकाला धरलं की दुसरा सुटतो.

फ्रान्सच्या सेंटर बॅकपैकी, म्हणजे मधल्या दोन बचावपटूंपैकी, एकाने पुढे येऊन मेस्सीला का धरलं नाही, असं कुणी विचारेल. कारण अर्जेंटिनाचा आघाडीवीर अल्वारेझ. तो सतत बचावफळीच्या पाठीमागे पळत होता, त्यामुळे वरान आणि उपामेकानो यांना जागा सोडून पुढे येण्याची सोय नव्हती. अल्वारेझला त्या सामन्यात गोल मिळाला नाही म्हणून त्याला कमी लेखणारे भेटतात, पण मेस्सीला मिळालेली मोकळी जागा त्याच्या त्या पळण्यातून आलेली होती.

फ्रान्सच्या उजवीकडे आणखी वाईट अवस्था. स्कालोनी यांनी डी मारियाला नेहमीच्या उजव्या बाजूऐवजी डावीकडे, अगदी रेषेला चिकटवून उभं केलं. समोर कुंदे. मुळात तो सेंटर बॅक आणि या संघात उजवा बॅक म्हणून वापरलेला. त्याच्या मदतीला यायचं होतं डेम्बेलेने. डी मारियाने डेम्बेलेला चकवलं, मागून पाय लागला, पेनल्टी, आणि २३व्या मिनिटाला मेस्सीचा गोल. यानंतर ग्रीझमनचा जीव त्या बाजूची भोकं बुजवण्यातच गेला. त्याला चेंडू मिळायचा तो स्वतःच्या गोलकडे तोंड करून. पूर्वार्धात फ्रान्सला गोलवर एकही फटका मारता आला नाही. हा सगळा दोष एकट्या ग्रीझमनच्या माथी मारणं मला मुळीच पटत नाही.

३६व्या मिनिटाचा दुसरा गोल जरा सावकाश पाहूया, मधल्या फळीचं काम त्यात लख्ख दिसतं. मॅक अ‍ॅलिस्टर मेस्सीला चेंडू देतो आणि तिथे उभा न राहता सरळ पुढे धाव घेतो. मेस्सी एका स्पर्शात चेंडू अल्वारेझकडे वळवतो, अल्वारेझ तो पळणाऱ्या मॅक अ‍ॅलिस्टरच्या पुढ्यात टाकतो. मॅक अ‍ॅलिस्टर मान वर करतो, स्वतः फटका मारत नाही, दुसऱ्या बाजूने येणाऱ्या डी मारियाला आडवा पास देतो. गोल डी मारियाचा, शेवटचा पास मॅक अ‍ॅलिस्टरचा. पण पुन्हा पाहताना त्याच्या मागे बघा. त्याच्याबरोबर फ्रान्सचा एकही मिडफिल्डर धावलेला नाही. पास देऊन पळणाऱ्याला सोडून देणं, ही मधल्या फळीतली सगळ्यात महागडी चूक. आपल्या स्थानिक सामन्यांतही निम्मे गोल याच आळसाने होतात: नजर चेंडूवर, आणि माणूस पाठीमागून निघून गेलेला.

श्रोतेहो, टीव्हीवर सामना बघताना अडचण अशी की कॅमेरा चेंडूच्या मागे जातो. मिडफिल्डरचं बरंचसं काम चेंडू त्याच्यापासून लांब असताना होतं. म्हणून एक सोपा मार्ग सांगतो. सामन्यातली दहा मिनिटं फक्त एका मिडफिल्डरवर नजर ठेवा, शक्यतो बचावफळीच्या पुढ्यात खेळणाऱ्यावर. चेंडू त्याच्याकडे यायच्या आधी तो मान वळवून दोन्ही खांद्यांवरून मागे बघतो का? चेंडू घेताना त्याचं अंग कुठल्या बाजूला उघडलेलं आहे? पाठ समोरच्या गोलकडे असेल तर त्याला मागे पास देण्यावाचून गत्यंतर नसतं. अंग अर्धं वळवून, लांबच्या पायावर चेंडू घेतला तर पहिल्याच स्पर्शात तो पुढे वळतो. एन्झो हे उत्तम करतो. तो तेव्हा अवघा २१ वर्षांचा होता. सौदी अरेबियाविरुद्धच्या धक्कादायक पराभवात तो पहिल्या अकरात नव्हता, मेक्सिकोविरुद्धही बदली म्हणून आला आणि गोल करून गेला. पोलंडविरुद्धच्या सामन्यापासून त्याची जागा पक्की झाली आणि स्पर्धेतल्या सर्वोत्तम तरुण खेळाडूचा मान त्यालाच मिळाला.

दुसरी पाहायची गोष्ट म्हणजे ओळींमधलं अंतर. त्यासाठी मोजपट्टी मैदानावरच आखलेली असते. मधल्या वर्तुळाचा व्यास १८.३ मीटर, पेनल्टी क्षेत्राची खोली १६.५ मीटर. बचावफळी आणि मधली फळी यांच्यात साधारण दहा ते पंधरा मीटर अंतर असेल तर संघ आवळलेला आहे. ते अंतर पेनल्टी क्षेत्राच्या खोलीपेक्षा वाढलं की समोरच्याला तिथे चेंडू घेऊन वळायला वेळ मिळतो. हे मैदानातून फार छान दिसतं. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर सामना पाहायला गेलात तर वरच्या पायरीवर बसा. खाली रेषेजवळ बसून खेळाडूंचे आवाज ऐकू येतात, पण अंतरं कळत नाहीत.

आकडे मात्र जपून वापरा. पन्नासातले अठ्ठेचाळीस पास अचूक म्हणजे मोठा खेळ, असं नाही. ते मागे आणि आडवे असतील तर समोरच्या संघाला त्रास कसला? टॅकल, म्हणजे पाय घालून चेंडू काढून घेणं, जास्त म्हणजे बचाव चांगला, हेही खरं नाही. जो आधीच योग्य जागी उभा असतो त्याच्या बाजूने पासच होत नाही, मग टॅकल करायची वेळच येत नाही. आणि जास्त पळालेला खेळाडू कधीकधी चुकीच्या जागी उभा राहिल्यामुळेच पळालेला असतो.

आता डी मारियाचा वाद. तो ३४ वर्षांचा, दुखापतीतून सावरलेला. बाद फेरीत अंतिम सामन्याआधी एकदाही सुरुवातीपासून खेळला नव्हता. त्याच्याकडून ९० मिनिटांची अपेक्षाच नव्हती. तेव्हा ६४व्या मिनिटाला त्याला बाहेर काढणं मला चूक वाटत नाही. त्याच्या जागी आलेला अकुन्या मुख्यतः बचावात खेळणारा. डावीकडे चेंडू धरून ठेवणारा माणूस गेला, आणि बचावातून बाहेर काढलेला चेंडू थेट फ्रान्सकडे परत येऊ लागला. त्यात ७१व्या मिनिटाला देशाँ यांनी ग्रीझमनलाच बाहेर बोलावून कोमान आणला, आणि डाव्या बॅकच्या जागी कामाविंगा. मधे शुआमेनी आणि राबियो असे दोघेच, पुढे एम्बापे, कोलो मुआनी, तुराम आणि कोमान असे चार पळणारे. एम्बापे वगळता तिघेही बदली म्हणून आलेले, ताज्या दमाचे.

इथे खरा प्रश्न विचारायला हवा. फ्रान्सने मधे दोघेच ठेवले, मग अर्जेंटिनाच्या तिघांना चेंडू खेळवून वेळ काढता यायला हवा होता. तो का काढता आला नाही? पाय संपले होते. प्रेसिंगला, म्हणजे चेंडूवाल्यावर धावून जाऊन दबाव टाकायला, प्रत्येकजण अर्ध्या सेकंदाने उशिरा पोचत होता. ८०व्या मिनिटाला ओटामेंडीने कोलो मुआनीला पाडलं, एम्बापेची पेनल्टी. दोन मिनिटांच्या आत कोमानने मधल्या पट्ट्यात मेस्सीच्या पायातून चेंडू काढून घेतला, राबियोने तो पुढे दिला, एम्बापेने तुरामबरोबर देवाणघेवाण करून हवेतूनच फटका मारला. २-२. हा दुसरा गोल मधल्या पट्ट्यात हरवलेल्या चेंडूचा आहे. अशा वेळी चेंडू गेल्यावर पहिल्या चार-पाच सेकंदांत जवळच्या दोघांनी झडप घालायची असते, नाहीतर सगळ्यांनी मिळून मागे धावायचं असतं. अर्जेंटिनाने दोन्हीपैकी काहीच केलं नाही, मधेच घुटमळले.

स्कालोनी यांची चूक काढायचीच तर मी डी मारियाच्या बदलीत काढणार नाही. ६४ ते ९० या काळात मधल्या फळीत एकही ताजा माणूस आला नाही, ती खरी चूक. पारेदेस डी पॉलच्या जागी आला तो थेट १०२व्या मिनिटाला. मेस्सीच्या वाट्याचं पळणंही डी पॉल सुरुवातीपासून स्वतःच्या अंगावर घेत होता. तो पंचाहत्तराव्या मिनिटालाच थकलेला दिसत होता. याच्या विरोधात बोलणारे म्हणतात की २-० आघाडीवर बसलेली घडी मोडू नये. त्यात तथ्य आहे, पण ती घडी डी मारिया गेल्यावर मोडलीच होती.

यापुढे वाद घालताना एक करा. सामना सुरू व्हायच्या आधी कागदावर दोन्ही संघांच्या मधल्या फळीतल्या तिघांचं काम एकेका ओळीत लिहा: कोण बचावापुढे थांबणार, कोण पेनल्टी क्षेत्रात घुसणार, कोण कुठल्या बॅकला झाकणार. मध्यंतराला तो कागद पुन्हा बघा आणि गुण त्या कामाला द्या. कोल्हापूरच्या तालमींच्या फुटबॉल संघांच्या लढतींत तर हे जरूर करा, कारण तिथे गोल मारणाऱ्याच्या नावाचा जयघोष होतो आणि चेंडू हिसकावून देणारा पोरगा घामाघूम होऊन गुपचूप घरी जातो.

या पद्धतीने लुसेलच्या त्या रात्रीचे माझे गुण सांगतो, दहापैकी. १२० मिनिटं मैदानात राहिलेल्या एन्झोला साडेआठ. मॅक अ‍ॅलिस्टरला नऊ. डी पॉलला आठ, पण पहिल्या ७५ मिनिटांचे. आजारपणामुळे उपांत्य सामना न खेळलेल्या आणि दोन माणसांचं काम अंगावर पडलेल्या राबियोला सहा. शुआमेनीला पाच. ग्रीझमनला साडेपाच. आणि डेम्बेलेला तीन, कारण ज्या बाजूने सामना फुटला त्या बाजूचा पहिला दरवाजा त्याने सांभाळायचा होता.